उशाशी बसायला लागणारा वेळ

'एंजल्स इन अमेरिका' या नाटकाचा विषय निघाला की आमच्या नाटकवेड्या मंडळींत हमखास दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की एड्सवरचं साडेसात तासांचं, दोन भागांचं नाटक आज कुणी आणि का बघावं? आता रोज गोळी घेऊन माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. तो काळ सरला. संहितेला कात्री लावा, अडीच तासांत बसवा, जे सांगायचं ते तेवढ्यातही पोचेल. दुसरा तट या सूचनेनंच दुखावला जातो. अभिजात कृतीला हात लावायचा नाही, ज्याला बसवत नाही त्यानं येऊ नये, असं त्यांचं उत्तर. हा वाद मी बरीच वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी वाटतं, दोघंही एकच चूक करताहेत. एकाला तेवढा वेळ बसणं ही शिक्षा वाटते, दुसऱ्याला पुण्याई. पण तो वेळ नाटकात नेमका कुठे खर्च होतो, हे कुणीच बोलत नाही. माझं म्हणणं असं की आजारी माणसाजवळ कोण थांबतं आणि कोण उठून जातं, हा टोनी कुशनर यांच्या नाटकाचा प्रश्न आहे, आणि प्रेक्षकाला स्वतः थांबायला लावल्याशिवाय तो विचारताच येत नाही. लांबी कापली की प्रश्नच कापला जातो.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी कामानिमित्त लंडनमध्ये होते. नॅशनल थिएटरच्या लिटलटन नाट्यगृहात मॅरिअन एलियट यांनी ते बसवलं होतं; अँड्र्यू गारफील्ड प्रायर वॉल्टरचं काम करत होता आणि नेथन लेन रॉय कोहनचं. मी दोन्ही भाग एकाच दिवशी पाहिले. दुपारी 'मिलेनियम अप्रोचेस', मग जेवायची सुट्टी, रात्री 'पेरेस्त्रोइका'. दोन्ही तिकिटं त्याच खुर्चीची, त्यामुळे शेजारीही तोच राहतो आणि लांबच्या रेल्वेप्रवासात होते तशी ओळख होते. माझ्या शेजारी साठीतले एक गृहस्थ होते. सुट्टीत थेम्सच्या काठी एका बाकावर सँडविच खाताना ते म्हणाले, तरुणपणी मी याच शहरात परिचारक होतो, एड्सच्या रुग्णांचं काम केलं. मी विचारलं, सगळ्यात काय आठवतं? मला वाटलं होतं, मरणाचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, ताटं. जेवण घेऊन येणारी माणसं खोलीच्या आत यायची नाहीत. ताट दाराबाहेर जमिनीवर ठेवून जायची, तेही कागदाचं, म्हणजे परत न्यायला नको. ड्यूटीवर आलं की पहिलं काम ताटं उचलायचं, मग औषधं. तोवर बटाटे गार झालेले असायचे आणि वर सायीसारखा पापुद्रा धरलेला असायचा. त्यांनी हातातलं सँडविच तसंच धरून बोटानं तो पापुद्रा बाजूला केल्यासारखं केलं.

मला कपबशी आठवली. माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं. मामा ट्रकवर होता. १९९७ साली तो गेला, त्याआधीचे सात-आठ महिने घरी पडून होता. मोरीजवळच्या फळीवर एक कान तुटलेला कप आणि वेगळ्याच रंगाची बशी असायची, ती त्याची. आजी त्याच्या कपात चहा वरून ओतायची, धार लांबवून, पातेल्याची कड कपाला लागू नये म्हणून. आजी दुष्ट नव्हती. ही रीत तिनं आयुष्यभर दुसऱ्या माणसांसाठी, दुसऱ्या जातींसाठी पाळलेली होती. आजार नवा होता, फळी जुनीच होती. दवाखान्याच्या कागदावर टीबी लिहिलेलं होतं. ते खोटंही नव्हतं, टीबी झालाच होता; घरानं तेवढाच शब्द धरून ठेवला आणि दुसरा कधी उच्चारला नाही. त्याच्याजवळ बसायची ती फक्त मामी.

आता नाटकाकडे येते. १९८५ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कमध्ये, एका दफनविधीनंतर प्रायर आपल्या जोडीदाराला, लुईला, अंगावरचा जांभळट डाग दाखवतो. लुई प्रेमळ आहे, वाचलेला आहे, न्यायाच्या गोष्टी मनापासून करणारा आहे, आणि तो प्रायरला रुग्णालयात सोडून निघून जातो. त्यानंतर तो बोलत राहतो. लोकशाहीवर, वंशावर, अमेरिकेच्या आत्म्यावर. एका कॉफीच्या दुकानात तो इतका वेळ बोलतो की समोर बसलेल्या बेलीझचा चेहरा बघता बघता बदलत जातो, आणि बेलीझ तर प्रायरची शुश्रूषा करणारा, पेशानं परिचारक असलेला कृष्णवर्णीय मित्र. हा प्रवेश लांब आहे, ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. पण तो आखूड केला तर काय उरेल? लुई हा एक पळपुटा माणूस, एवढंच. तो लांब असल्यामुळे आपण आधी त्याचं ऐकतो, पटवून घेतो, मान डोलावतो, आणि मग लक्षात येतं की या सगळ्या वेळात प्रायर कुठेतरी एकटा पडून आहे आणि आपण त्याला विसरलो होतो. आपणही लुईबरोबर उठून आलो होतो. ही जाणीव दोन मिनिटांच्या प्रवेशात कुणी करून देऊ शकेल का?

याउलट हॅना पिट. मॉर्मन पंथाची, सॉल्ट लेक सिटीत राहणारी विधवा बाई. तिचा मुलगा, त्याचं नाव जो, मध्यरात्र उलटल्यावर फोन करून सांगतो की मी समलिंगी आहे, आणि ती त्याला झटकून टाकते, घरी जा म्हणते. हीच बाई घर विकून न्यूयॉर्कला येते आणि दुसऱ्या भागात, काहीशा योगायोगानं, प्रायरला रुग्णालयात पोचवते आणि रात्रभर त्याच्यापाशी थांबते. तिचे विचार बदलले म्हणून ती थांबते असं कुशनर दाखवत नाहीत. ती थांबते, आणि थांबल्यामुळे तिचं काहीतरी बदलतं. हा क्रम मला फार खरा वाटतो. माणसं मत बदलून सेवेला लागतात असं आपल्याला वाटतं. घराघरांत बहुधा उलटं घडतं. पण रंगमंचावर ते विश्वसनीय करायला वेळ लागतो. अडीच तासांच्या नाटकात हॅनाचं हृदयपरिवर्तन झालं असतं तर आपण ते खपवून घेतलं असतं. सहाव्या तासाला ते घडतं तेव्हा आपण तिच्याबरोबर दमलेलो असतो.

आणि लांबीचं एवढं अप्रूप किंवा एवढी भीती आपल्याला का वाटावी? कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतातच. आधी निरूपण, मग बुक्का आणि हार, मग आख्यान. पूर्वरंगात जो विचार मांडला तो उत्तररंगात माणसांच्या गोष्टीतून पारखायचा, हे शिकायला आपल्याला ब्रॉडवेला जायची गरज नाही. कोकणात दशावतार रात्रभर चालतो. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'साठी महेश एलकुंचवारांच्या वाड्याची तिन्ही नाटकं सलग केली तेव्हा मराठी प्रेक्षक त्यासाठी बसलाच होता. अडीच तास आणि एक मध्यंतर हे माप शेवटची लोकल आणि नाट्यगृहाचं भाडं यांनी ठरवलं आहे. त्यात गैर काही नाही, पण ते कलेचं माप आहे असं समजू नये.

तरीही कात्रीवाल्यांचं एक म्हणणं मी मान्य करते. 'पेरेस्त्रोइका' सैल आहे. स्वर्गातला भाग मला लंडनमध्ये कळला नाही आणि नंतर वाचूनही पूर्णपणे कळलेला नाही. खुद्द कुशनर यांनी या भागावर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा हात फिरवला आहे. लेखकालाच जो भाग बसलेला वाटत नव्हता त्याला पवित्र मानायचं कारण नाही. त्याहून महत्त्वाचा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. दोन तिकिटं आणि अख्खा दिवस ही चैन कुणाला परवडते? ज्या परिचारकाची सलग ड्यूटी असते, ज्या बाईला संध्याकाळी घरी स्वयंपाक करायचा असतो, तिला 'थांबा' म्हणणं सोपं नाही. थांबण्यावरचं नाटक थांबायला सवड असलेल्यांनाच बघता येतं, यात खोल अन्याय आहे. मात्र त्यावरचा उपाय तिकीट स्वस्त करणं, प्रयोग दोन रविवारी विभागून लावणं, छोट्या गावांत नेणं हा आहे. गरिबाला वेळ नाही म्हणून त्याच्यासाठी नाटक तोकडं करा, ही युक्ती मला आखडत्या हातानं वाढण्यासारखी वाटते.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि तो कात्रीवाल्यांकडून न येता दुसरीकडून येतो. एड्सचं संकट म्हणजे न्यूयॉर्कमधले गोरे पुरुष, एवढंच चित्र या नाटकानं जगाच्या मनावर कोरलं. आज जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आणि मुली आहेत. माझी मामी त्या नाटकात कुठेच नाही. बेलीझ आहे, पण तो सगळ्यांची सेवा करतो, सगळ्यांना शहाणपण देतो, आणि त्याच्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते आपल्याला फारसं कळत नाही. शेवटच्या प्रवेशातून हॅनाचा मुलगा जोही गायब होतो. थांबण्याबद्दल इतकं बोलणारं नाटक त्या एका माणसाला वाटेत सोडून देतं, आणि हे मला आजही खुपतं. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की जे नाटकात नाही ते सांगायला आणखी नाटकं लागतील, तीही लांब लागतील. एका गोष्टीत सगळे मावले नाहीत म्हणून ती गोष्ट आखूड करून नव्यांना जागा होत नाही.

राहिला मुख्य दावा, की तो काळ सरला. हा दावा विषाणूपुरता तपासला तर बराच खरा आहे. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. १९९६ पर्यंत तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार हाती आला आणि मृत्यूंचा आलेख खाली वळला. पण नाटक विषाणूबद्दल आहे का? त्यातला रॉय कोहन हा खराखुरा माणूस. कम्युनिस्टांची शोधाशोध करणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा उजवा हात, रशियासाठी हेरगिरी केल्याचा ठपका असलेल्या रोझेनबर्ग दांपत्याला देहदंड व्हावा म्हणून धडपडलेला वकील, पुढे तरुण डोनाल्ड ट्रम्पचा सल्लागार. नाटकात तो डॉक्टरला बजावतो की समलिंगी म्हणजे ज्यांची कुठे वट चालत नाही ती माणसं. माझी चालते, तेव्हा मी तो नाही आणि मला झालाय तो लिव्हरचा कॅन्सर. २ ऑगस्ट १९८६ ला मरेपर्यंत प्रत्यक्षातही तो हेच सांगत राहिला. मामाच्या कागदावरचा टीबी आणि कोहनचा लिव्हर यांत हजारो मैलांचं अंतर आहे. एकाकडे वट होती, दुसऱ्याकडे ट्रकचं स्टिअरिंग. तरी दोघांनाही आपल्या आजाराचं नाव परवडत नव्हतं.

आणि मग ती औषधाची पेटी. एझेडटी हे एड्सवरचं पहिलं औषध तेव्हा चाचण्यांच्या टप्प्यावर होतं, सामान्य रुग्णाला मिळत नव्हतं. कोहन ओळखीपाळखी वापरून स्वतःसाठी साठा मिळवतो आणि कुलूप लावून उशाशी ठेवतो. एका माणसाला आयुष्यभरात संपवता येणार नाहीत इतक्या बाटल्या तिथे, आणि गावात प्रायरसारखे शेकडो. कोहनच्याच वॉर्डात परिचारक असलेला बेलीझ त्यातल्या बाटल्यांसाठी भांडतो. या प्रवेशाच्या वेळी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. १९८७ च्या मार्चमध्ये एझेडटीला मान्यता मिळाली तेव्हा वर्षाची किंमत होती सुमारे १० हजार डॉलर. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं ते त्याच वर्षीच्या ३१ मे रोजी. तोवर अमेरिकेत वीस हजारांच्या आसपास माणसं गेलेली होती. १९९६ नंतर औषध होतं, पण दहा-पंधरा हजार डॉलरना. माझा मामा १९९७ साली गेला. औषध जगात होतं आणि आमच्या आळीत नव्हतं. ते कुलूप काढणाऱ्यांत मुंबई आहे, हे आपण विसरतो. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानं औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी दिली नव्हती, म्हणून ते शक्य झालं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत हा उपचार मोफत सुरू झाला आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

मग आता तरी कुलूप निघालं? २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत लेनाकॅपाविर या, वर्षातून दोनदा टोचून संसर्ग टाळणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. तिथली किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. भारतीय कंपन्या तेच २०२७ पासून गरीब देशांना ४० डॉलरच्या आसपास देणार आहेत. २०२५ च्याच जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि आफ्रिकेतली कितीतरी उपचार केंद्रं एका आदेशानं खोळंबली. २०२४ मध्येही जगात सुमारे ६ लाख ३० हजार माणसं एड्सशी निगडित आजारांनी मेली. ज्यांना तो काळ सरला असं वाटतं त्यांना मी विचारते, कुणाचा सरला?

सरकारनं काय केलं असतं, हाही प्रश्न या वादात भाबडेपणानं विचारला जातो, जणू सरकार जागं झालं की काळजी आपोआप येते. गोव्यात सरकार जागं झालं होतं. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाला, रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून, पोलिसांनी नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई लुसी कोर्टात गेली. उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो घरी आला, पण पुढे त्याच न्यायालयानं कायदा वैध ठरवला. डॉमिनिकनं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. पुण्याला हे आधीच माहीत असायला हवं होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडची माणसंही जागीच होती. घरात शिरून रुग्ण ओढून नेत होती. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतला आजारी मुलगा अंगाखांद्यावर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यापर्यंत चालत आल्या आणि १० मार्चला स्वतः त्याच आजारानं गेल्या. सोल्जरांनीही रुग्णाला हात लावला होता आणि सावित्रीबाईंनीही. फरक किती वेळ, याचा होता.

नाटकात जो प्रवेश मला कधीच कापू द्यायचा नाही तो कोहनच्या मृत्यूनंतरचा. बेलीझ लुईला बोलावून घेतो. औषधाच्या बाटल्या न्यायच्या आहेत, पण आधी या माणसासाठी कॅडिश म्हण, तुमच्या ज्यू धर्मातली मृतासाठीची प्रार्थना. लुई नाही म्हणतो. हा माणूस? यानं जन्मभर आपल्यासारख्यांचंच वाटोळं केलं. बेलीझ कोहनचा लुईपेक्षा जास्त तिरस्कार करतो आणि तरीही अडून बसतो. लुईला शब्द आठवत नाहीत. तेव्हा एथेल रोझेनबर्गचं भूत, जिला कोहननं १९५३ साली मरणाच्या खुर्चीपर्यंत पोचवलं तीच बाई, त्याच्यामागे उभी राहून एकेक शब्द सांगते आणि तो म्हणतो. ही क्षमा आहे असं मला वाटत नाही. शेवटी ती कोहनला शिवीही घालते. पण कुणीतरी उशाशी उभं होतं. इथवर पोचायला नाटकाला सहा तास लागतात, आणि आधीच्या सहा तासांत कोहनचं विष आपण थेंबाथेंबानं प्यायलेलो नसतो तर ही प्रार्थना गोड होऊन गेली असती.

दिवे आले तेव्हा शेजारचे गृहस्थ लगेच उठले नाहीत. मीही नाही. बाहेर आल्यावर मी मामीला फोन केला, भारतात पहाट होती, तिची गोळीची वेळ व्हायची होती. २००५ पासून ती जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून गोळ्या आणते, महिन्याच्या महिन्याला, यष्टीनं. काय गं इतक्या लवकर, म्हणाली. मी म्हटलं, चहा झाला का? म्हणाली, ठेवलाय. ती अजूनही त्याच कान तुटलेल्या कपातून पिते. मामा गेल्यावर आजी तो उकिरड्यावर टाकायला निघाली होती, मामीनं तिच्या हातातून काढून घेतला आणि फडताळात, सगळ्यांच्या कपांत ठेवला.